घंटा वाजवल्यानंतर

पुनर्वसन रुग्णालय आणि इतर रुग्णालये यांतला पहिला फरक दिवसांचा असतो. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेला माणूस चार दिवसांत घरी जातो. पाठीमागून उघडा राहणारा गाऊन, पडदा न ओढता दिलेला बेडपॅन, सकाळच्या राउंडला खाटेभोवती उभे राहून आपल्याविषयी आपसांत बोलणारे आठ अनोळखी चेहरे हे सारे तो सोसतो, कारण हे लवकरच संपणार आहे हे त्याला ठाऊक असते. पक्षाघाताने एक बाजू गेलेला, मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालची संवेदना गमावलेला किंवा डोक्याला मार लागून बोलणे हरवलेला माणूस मात्र पुनर्वसन रुग्णालयात आठवडेच्या आठवडे, प्रसंगी महिनोन्‌महिने राहतो. तिथेच तो जेवतो, अंघोळ करतो, चिडतो, रडतो, सणवार काढतो आणि आपल्या बदललेल्या शरीराशी नव्याने ओळख करून घेतो. अशा जागी रुग्णाला मिळणारी वागणूक ही उपचारांच्या जोडीची सौजन्याची बाब मानता येत नाही. ती उपचारांचाच भाग आहे आणि ती बिघडली की उपचारही बिघडतात, असे माझे ठाम मत आहे. माझ्या आत्याच्या खाटेशेजारी बसून ते तयार झाले.

आत्या कराडजवळच्या एका गावात पिठाची गिरणी चालवत असे. नवरा लवकर गेल्यावर पट्टा बदलण्यापासून उधारीच्या वहीपर्यंत सगळे तिने एकटीने सांभाळले. सदुसष्टाव्या वर्षी तिची डावी बाजू लुळी पडली. बोलणे स्पष्ट होते आणि स्मृतीही शाबूत होती. पहिले काही दिवस अतिदक्षता विभागात काढल्यावर आम्ही तिला शहरातल्या एका पुनर्वसन केंद्रात हलवले. तिथल्या पहिल्या रात्री तिने लघवीला जायचे म्हणून घंटा वाजवली. बावीस खाटांसाठी रात्रपाळीला एकच मावशी होती आणि ती दुसऱ्या टोकाला कुणाचे तरी अंथरूण बदलत होती. ती पोहोचेपर्यंत पाऊण तास गेला आणि तोवर चादर ओली झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, तिला काहीही न विचारता, तिला डायपर बांधण्यात आला. "मला कळतं गं, मला नुसतं धरून न्या," असे ती पहिला आठवडाभर येईल त्या प्रत्येकीला सांगत राहिली. उत्तर ठरलेले असे: "अहो आजी, डायपर आहे ना, त्यातच करा." पंधरा दिवसांनी तिने सांगणे सोडले, आणि आणखी काही दिवसांनी खरोखरच तिला कळेनासे झाले. केसपेपरवर नोंद झाली की रुग्णाचे मूत्रावर नियंत्रण नाही. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी ती नोंद वाचली आणि आम्हाला समजावून सांगितले की अशा आजारात असे होते.

ती नोंद मला आजही बोचते. आजाराने तिचा हात आणि पाय नेला होता. ही तिसरी गोष्ट मात्र मनुष्यबळाच्या टंचाईतून तिथेच घडली होती, आणि तिच्याच शरीरातला दोष म्हणून तिच्याच कागदावर लिहिली गेली होती. पुढे पाचव्या आठवड्यात रात्रपाळीला एक नवी मावशी आली. तिने कोणाच्याही आदेशाविना स्वतःपुरता एक नेम केला: रात्री दहाला, दोनला आणि पहाटे साडेपाचला ती आत्याला उठवून कमोडच्या खुर्चीवर बसवी, पडदा ओढी आणि पाठ करून उभी राही. दहा-बारा दिवसांत रात्रीचा डायपर कोरडा निघू लागला. आत्या दिवसाही पुन्हा सांगू लागली, आणि एवढेच नव्हे तर व्यायामालाही स्वतःहून निघू लागली, जे तिने मधल्या काळात जवळजवळ टाकून दिले होते. नंतर त्या मावशीची बदली दुसऱ्या मजल्यावर झाली. तिचा नेम कुठेच लिहिलेला नव्हता, त्यामुळे तिच्यामागे तो कोणी चालवला नाही.

मूत्राशयाचे वेळापत्रक, ठरावीक अंतराने प्रसाधनाला नेणे, त्याची नोंद ठेवणे ही पुनर्वसनशास्त्रातली अगदी प्राथमिक आणि सर्वमान्य पद्धत आहे. त्या मावशीने केले ते शास्त्रच होते. फरक इतकाच की ते एका बाईच्या चांगुलपणावर अवलंबून राहिले. आपल्याकडे अशा माणसांचे आपण मनापासून कौतुक करतो, "देवासारखी भेटली" म्हणतो आणि तिथेच थांबतो. ज्या गोष्टीवर रुग्णाचे बरे होणे अवलंबून आहे ती गोष्ट देवासारखे कोणी भेटण्यावर का सोडावी, हा प्रश्न विचारायला आपण संकोचतो.

दिवसाचा हिशेब मांडला तर हे अधिक स्पष्ट होते. बहुतेक केंद्रांत रुग्णाला फिजिओथेरपीचा एखादा तास मिळतो आणि त्याच्या जोडीला व्यवसायोपचाराचा, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचा, अर्धा-पाऊण तास मिळतो. उरलेले बावीस तास तो वॉर्डात असतो. मेंदू आणि स्नायू नव्याने शिकतात ते पुन्हा पुन्हा केलेल्या कृतीतून, आणि दुबळा हात वापरला नाही तर न वापरण्याचीच सवय त्याला लागते. थेरपीच्या खोलीत लाकडी खुंट्या उचलून शिकवलेली पकड वॉर्डात चमचा धरायला वापरता यायला हवी. पण जेवणाच्या गाडीला पुढच्या खोलीत जायचे असते, म्हणून घास भरवला जातो. शर्टाची बटणे स्वतः लावायला दहा मिनिटे लागतात, म्हणून ती लावून दिली जातात. यात दुष्टावा नसतो, पुष्कळदा मायाच असते. परंतु माणसाच्या हातून त्याची कामे काढून घेतली की सकाळी एका खोलीत शिकवलेले दिवसभर दुसऱ्या खोलीत पुसले जाते. थांबणे, वाट पाहणे, त्याला त्याच्या गतीने करू देणे याला आपण आदर म्हणतो. पुनर्वसनात त्यालाच सराव म्हणतात.

या शाखेच्या इतिहासातही हेच दिसते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मज्जारज्जूला इजा झालेल्यांपैकी बहुतेक माणसे शय्याव्रणांच्या, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांच्या, आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने दगावत. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमान यांनी अशा जखमी सैनिकांसाठी विभाग सुरू केला, तेव्हा त्यांनी दोन गोष्टींवर सारखाच भर दिला. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलली गेलीच पाहिजे. आणि रुग्णाला काम, खेळ आणि उद्याचा दिवस दिसला पाहिजे. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी, त्यांनी चाकाच्या खुर्चीतल्या सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली, आणि त्यातून पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले, सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले ते याच परंपरेत. लोकांच्या लक्षात पदक राहते. मला मात्र रात्री दोन वाजता कूस बदलायला येणारा हात महत्त्वाचा वाटतो, कारण तो वेळेवर आला नसता तर स्पर्धेपर्यंत कोणी पोहोचलाच नसता.

भारतातही ही दृष्टी परकी नाही. जन्माने अमेरिकन असलेल्या आणि लग्नानंतर इथल्याच झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे देशातले पहिले शिक्षण सुरू केले. रुग्णाला त्याच्या रोजच्या कामांतूनच बरे करायचे, ही त्या विद्येची मूळ कल्पना आहे. हाजी अलीची अखिल भारतीय भौतिकोपचार आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून काम करते आहे. वेल्लोरच्या डॉ. मेरी व्हर्गीस १९५४ मध्ये अपघातात कमरेखाली लुळ्या झाल्या. त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, परदेशात पुनर्वसनाचे शिक्षण घेतले आणि १९६६ मध्ये वेल्लोरला आंतररुग्णांसाठी स्वतंत्र पुनर्वसन संस्था उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने. तिथल्या रुग्णाला तपासणारी डॉक्टर स्वतः खुर्चीत बसलेली असे. रुग्णाला आणि डॉक्टरला एकमेकांच्या डोळ्यांत एकाच उंचीवरून पाहता येणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे आत्याच्या राउंडच्या वेळी उभ्या माणसांच्या कड्यात तिची मान वर करकरून अवघडलेली पाहिली तेव्हा मला कळले.

भाषेबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण मराठीत मान आणि अवमान दोन्ही सर्वनामातून आणि संबोधनातून पोहोचतात. गावात आत्याला सगळे अक्का म्हणत. रुग्णालयात ती "सात नंबरच्या आजी" झाली. तिच्या आधी त्या खाटेवर असलेले निवृत्त गृहस्थ "सात नंबरचे बाबा" होते, असे नंतर कळले. विशीतली मुले सत्तरीच्या माणसाला सहज "अरे बाबा, हात उचल ना" म्हणतात. दुसरीकडे लाडाचे "आपण" असते: "आपण आता शहाण्यासारखं जेवून घ्यायचं हं." ज्या बाईने चाळीस वर्षे गिरणी चालवली तिला हे दोन्ही सारखेच लागते. आणि सर्वांत वाईट म्हणजे तिच्यासमोर तिच्याविषयी मला विचारणे: "यांना रात्री झोप लागते का?" पक्षाघाताने वाचा गेलेल्यांच्या बाबतीत तर हे नित्याचेच होते. वाचाघातात शब्द सापडत नाहीत, पण आकलन पुष्कळदा बऱ्यापैकी शाबूत असते. त्या माणसाला ऐकू येते, समजते आणि उत्तर देता येत नाही. त्याच्या खाटेशी उभे राहून "आता फारशी आशा नाही" असे बोलणारे नातेवाईक आणि कर्मचारी मी पाहिले आहेत. हो-नाहीची खूण, चित्रांचा तक्ता, उत्तरासाठी थांबायची तयारी एवढ्यावर त्याच्याशी संवाद होऊ शकतो. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही.

शासनाने शब्द बदलले आहेत. "अपंग"च्या जागी "दिव्यांग" आले आणि महाराष्ट्रात २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागाची घोषणाही झाली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण खाटेवरच्या माणसाला दिव्यांग म्हणायचे की अपंग, यापेक्षा त्याला नावाने हाक मारायची की नंबराने, हा प्रश्न मला अधिक निकडीचा वाटतो.

कायद्यात या सगळ्याला आधार नाही असे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. त्याचे सव्विसावे कलम पुनर्वसनाविषयी आहे आणि जास्तीत जास्त स्वावलंबन हे त्याचे ध्येय आहे. त्याच अवस्थेतून गेलेल्या इतरांचा आधार हे त्या ध्येयाकडे जाण्याचे एक साधन म्हणून त्यात स्पष्ट नमूद आहे. आपला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा समानतेच्या आणि प्रतिष्ठेच्या हक्काची, क्रूर आणि अमानुष वागणुकीपासून संरक्षणाची हमी देतो. परंतु पुनर्वसनाच्या सत्ताविसाव्या कलमाशी येताच त्याची भाषा मवाळ होते: सरकारने आणि स्थानिक संस्थांनी या सेवा "आपल्या आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत" पुरवायच्या आहेत. अंमलबजावणीच्या वेळी या एवढ्याशा शब्दांत पळवाट सापडते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्ण हक्कांची सनद तयार केली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्राने शुश्रूषागृहांच्या नियमांत दुरुस्ती करून अशी सनद दर्शनी भागात लावणे सक्तीचे केले. तिच्यात उपचारांदरम्यान प्रतिष्ठा आणि खासगीपणा जपण्याचा हक्क आहे. आत्याच्या केंद्रातही ती होती, प्रवेशद्वारापाशी, उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर लावलेली. खाटेवर आडवा पडून आत गेलेल्या रुग्णाला ती दिसण्याचा संभव नव्हता.

या टीकेला मिळणारे उत्तर मला माहीत आहे आणि ते खोटे नाही. माणसे नाहीत. बावीस खाटांना एक मावशी असेल तर ती कोणाकोणाला वेळेवर नेणार? त्यातही मावश्या आणि वॉर्डातले मामा बहुधा कंत्राटदाराचे असतात. त्यांच्या पगाराची तारीख निश्चित नसते, पाठ दुखत असते, आणि धडधाकट नसलेल्या माणसाला खाटेवरून खुर्चीत कसे घ्यावे याचे प्रशिक्षण त्यांना कोणी दिलेले नसते. ज्या बाईला स्वतःला दिवसातून दहा वेळा "ए मावशी" म्हणून खेकसले जाते तिच्याकडून रुग्णाला "अहो अक्का" ऐकू येईल अशी अपेक्षा करणे अन्याय्य आहे. तेव्हा रुग्णाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न हा या स्त्रियांच्या नेमणुकीचा, पगाराचा आणि शिक्षणाचाही प्रश्न आहे, हे मी पूर्णपणे मान्य करतो. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष "म्हणून काही करता येत नाही" असा नाही. किती खाटांमागे रात्री किती हात लागतात हे परवाना देतानाच ठरवावे लागेल, आणि त्या हातांचा खर्च उपचारांच्या दरात आणि शासकीय आरोग्य योजनांच्या पॅकेजमध्ये उघडपणे धरावा लागेल. शस्त्रक्रियेचा दर ठरवताना भुलीच्या औषधाचा खर्च कोणी वगळत नाही.

दुसरे उत्तर नातेवाइकांचे असते. आपल्याकडे घरचे माणूस सोबत राहतेच, मग काय अडले? अडते ते असे की ते घरचे माणूस बहुतेक वेळा सून, मुलगी किंवा पत्नी असते, तिची रोजंदारी बुडते, आणि आत्याच्या वयाच्या बाईला प्रसाधनाला नेण्यासाठी मुलगा किंवा भाचा असेल तर दोघांनाही मान खाली घालावी लागते. मी ते केले आहे. शिवाय आम्ही नातेवाईकही तिचे निर्णय तिच्याकडून काढून घेत होतो. पहिल्या बैठकीत डॉक्टरांनी उद्दिष्ट विचारले तेव्हा "चालायला लागली पाहिजे" असे मीच सांगून टाकले. तिला विचारले असते तर ती म्हणाली असती की चालणे नंतर पाहू, आधी मला माझी मी न्हाणीत जाऊन दार लावून घ्यायला शिकवा. हे तिने मला फार उशिरा सांगितले. तोवर सहा आठवड्यांचे व्यायाम माझ्या उद्दिष्टासाठी होऊन गेले होते.

तरुण रुग्णांच्या बाबतीत हे मौन आणखी खोल जाते. झाडावरून किंवा छतावरून पडून, मोटारसायकलच्या अपघातात पाठीचा कणा मोडलेली तिशीच्या आतली मुले या वॉर्डांत मोठ्या संख्येने असतात. लग्नाचे, शरीरसंबंधाचे, मूल होण्याचे काय, हा प्रश्न त्यांच्या मनात पहिल्या आठवड्यापासून असतो. त्याची उत्तरे वैद्यकशास्त्रात आहेत आणि ती पुष्कळदा आशादायक आहेत. ती कोणी स्वतःहून देत नाही. आत्याच्या शेजारच्या खोलीतला एक मुलगा हे तिथे भेटायला आलेल्या एका जुन्या, खुर्चीवर वावरणाऱ्या रुग्णाला विचारताना मी ऐकले. दोन मुलांचा बाप असलेल्या त्या माणसाने पंधरा मिनिटांत त्याला जे सांगितले, ते कुठल्याही समुपदेशनाच्या तासात त्याला मिळाले नव्हते. करारात लिहिलेला समदुःखी माणसाचा आधार तो हाच. तो योगायोगाने भेटायला येणाऱ्यांवर न सोडता त्या माणसाला मानधन देऊन वॉर्डात नेमायला हवे.

एक अडचण मला सर्वांत कठीण वाटते. रुग्ण तक्रार करत नाही. ज्या हातांनी रात्री आपली कूस बदलायची आहे त्या हातांविरुद्ध कोण बोलणार? डिस्चार्जच्या दिवशी मिळालेला अभिप्रायाचा कागद आमच्या घरीही आतेभावाने भरला आणि सगळीकडे "उत्तम" लिहिले, कारण बिल देऊन लवकर निघायचे होते आणि पुढेही तपासणीला तिथेच यायचे होते. अशा कागदांवरून काढलेल्या समाधानाच्या टक्केवारीला अर्थ नाही. समाधान विचारण्याऐवजी घडलेले विचारावे. घंटा वाजवल्यानंतर किती वेळाने कोणी आले? अंग पुसताना पडदा ओढला होता का? तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारत? डायपर बांधण्याआधी तुम्हाला विचारले का? उद्दिष्ट कोणी ठरवले? हे प्रश्न रुग्णाला स्वतःला, वाचा गेली असेल तर खुणांनी, घरी गेल्यानंतर महिन्याभराने विचारावेत, आणि विचारणारी व्यक्ती त्या रुग्णालयाच्या पगारावर नसावी. उत्तरे परवाना नूतनीकरणाच्या वेळी तपासणाऱ्यांसमोर असावीत, आणि तपासणाऱ्यांत एक तरी माणूस असा असावा ज्याने कधीतरी स्वतः त्या खाटेवरून घंटा वाजवली आहे.

आत्याला मी हे प्रश्न चार महिन्यांनी विचारले. ती आता काठी आणि भिंत धरून न्हाणीपर्यंत जाते, आणि दार आतून लावते. त्या दिवशी ती स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर बसली होती आणि ते केंद्र तिथून ऐंशी किलोमीटरवर होते. तरी बोलायच्या आधी तिने मला उठून खोलीचे दार लावायला सांगितले.